उकळलेलं पाणी

शाळेतली पोरं त्यांना लिटमसबाई म्हणत. बाई रसायनशास्त्र शिकवायच्या हे खरं, पण नाव काही त्यावरून पडलं नव्हतं. कुणाचं उत्तर चुकलं की बाईंचा चेहरा लालबुंद व्हायचा आणि बरोबर उत्तर आलं की तितक्याच झटक्यात निवळायचा, म्हणून कुण्या जुन्या वर्गाने ते नाव ठेवलं आणि मग ते पुढच्या प्रत्येक वर्गाला वारशाने मिळत गेलं. बाईंना ते ठाऊक होतं. "ठेवू देत की," त्या स्टाफरूममध्ये म्हणायच्या, "तो कागद निदान खोटं तरी बोलत नाही."

नववीला त्यांच्याकडे तीन धडे असत. हवा, खतं आणि पाणी. हवेचा धडा वर्षाच्या सुरुवातीला, खतांचा सहामाहीच्या आधी आणि पाण्याचा अगदी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, घाईघाईत.

हवेच्या धड्याला त्या सगळ्या वर्गाला एक लांब श्वास घ्यायला लावायच्या. "घेतला? आता सोडा. आत जे गेलं त्यातले पाचापैकी चार भाग नुसता नायट्रोजन. आला, फुप्फुसं बघितली, चहासुद्धा न घेता परत गेला. तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही." पोरं हसायची. मग बाई आवाज खाली आणायच्या. "पिकांचं मात्र त्याच्यावाचून अडतं. आणि गंमत बघा, एवढा डोक्यावर पसरलेला असून त्यांनाही तो हवेतून उचलता येत नाही. जेवणाच्या पंगतीत बसवायचं आणि हात मागे बांधायचे, तशातली गत."

खतांच्या धड्यात ते बांधलेले हात सुटायचे. हवेतला नायट्रोजन कारखान्यात नेऊन, प्रचंड दाबाखाली, लोखंडाच्या साक्षीने हायड्रोजनशी कसा जुळवतात, त्याचा अमोनिया कसा होतो, अमोनियाचा युरिया कसा होतो, हे सांगताना बाईंच्या अंगात यायचं. टेबलावर युरियाचे पांढरे दाणे ठेवलेली बशी फिरायची. "तुमच्या अंगातला जवळजवळ अर्धा नायट्रोजन कुठल्या ना कुठल्या कारखान्यातून आलाय. हे दाणे नसते तर ह्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असते. समजलं?" बाईंच्या वडिलांनी लहानपणी उपाशी दिवस काढले होते, त्यामुळे ह्या बशीकडे त्या थट्टेने कधी बघत नसत.

आणि पाण्याच्या धड्यात, क्षार, जडपणा, जंतू, गाळणी हे सगळं उरकल्यावर, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: पाण्यात नायट्रेटचं प्रमाण जास्त असेल तर तान्ह्या मुलांना निळेपणाचा विकार होऊ शकतो. दोन मार्कांचा प्रश्न. बाई तो अधोरेखित करायला लावायच्या आणि पुढे जायच्या.

घरी बाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय अशी तिघंच. बाईंनी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणण्यापेक्षा ते राहून गेलं. आई गेली तेव्हा भाऊ दुपट्यात होता आणि बाई स्वतः शाळेतली पोर. आई गेली ती हगवणीने. नाल्याला लागून असलेल्या पंपाचं पाणी सगळी आळी प्यायची, त्या वर्षी त्या पाण्याने आळीतली बरीच माणसं नेली. तेव्हापासून त्या घरात न उकळलेलं पाणी कुणाच्या ओठाला लागलं नाही. बाई सकाळी उठल्या की तोंड धुण्याआधी मोठं पातेलं चढवायच्या. नुसती उकळी फुटून त्यांचं समाधान होत नसे. खळखळ उकळत पाणी चांगलं चार बोटं खाली उतरलं पाहिजे, पातेल्याच्या बुडाशी क्षारांची पांढरी खर धरली पाहिजे, मग झाकण. सकाळचं उरलेलं संध्याकाळी पुन्हा चढायचं.

"ताई, त्यातले जंतू केव्हाच मेले, आता त्यांच्या भुतांना उकळतेस का?" भाऊ चिडवायचा.

"तुला नाही आठवत," बाई म्हणायच्या.

घरामागे भावाचा भाजीचा मळा होता. कोबी, फ्लॉवर, पालक. जमीन भुसभुशीत, वाळूची, पाणी दिलं की घटकाभरात गायब. विहीर मळा आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधोमध. भाऊ कष्टाला वाघ, आणि हात मोकळा. पोत्यावर लिहिलंय त्याहून मूठभर युरिया जास्तच पडायचा त्याच्या हातून. "रोपाला अर्धपोटी ठेवलं की ते आयुष्यभर कुरकुरत राहतं," असं त्याचं म्हणणं. त्याचे कोबीचे गड्डे बाजारात नजरेत भरायचे. बाईंना त्याचा अभिमान होता. पंपाच्या पाण्याला त्या भ्यायच्या, पण ही विहीर आपली, स्वच्छ, काचेसारखी नितळ. वास नाही, रंग नाही, चव गोड.

भावजय शिवणकामाच्या कारखान्यात होती. अबोल, पण हातात कला असलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला मुलगी झाली. घरभर नुसता आनंद. इवलीशी, चोच वासून भुकेचा चिवचिवाट करणारी, म्हणून तिला चिमणी म्हणू लागले. बाळंतपणात भावजयीला ताप भरला, तो काही केल्या उतरेना, औषधं जहाल होती. डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. मग डब्यातली दुधाची पूड आली. बाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. बाटली, बूच, चमचा, सगळं उकळायचं, पाणी तर दोनदा उकळायचं. प्रयोगशाळेत मोजतात तशी पूड मोजायची. दुसऱ्या कुणाला त्या बाटलीला हात लावू देत नसत.

चिमणी दोन महिन्यांचीही झाली नव्हती. आधी तिचं रडणं कमी झालं. शहाणी झाली, लोक म्हणाले. मग ओठांभोवती राखाडी झाक दिसायला लागली, नखं शाईत बुडवल्यासारखी. गावातल्या डॉक्टरांनी कानाला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, हृदयाला भोक असावं, मोठ्या हॉस्पिटलात न्या. न्यायची तयारी चालली असताना, दुपारच्या वेळी, बाईंच्या मांडीवरच ती गेली. बाटली अर्धी राहिली होती.

त्यानंतर त्या घरात माणसं एकमेकांशी कामापुरती बोलू लागली. भावजय शिलाईच्या कामावर लवकर जायची आणि उशिरा यायची. भाऊ मळ्यातच असायचा. बाई वर्गात पूर्वीसारख्याच लाल व्हायच्या, पण निवळायला त्यांना वेळ लागायचा. हृदयाला भोक. निसर्गाचाच कारभार तो, त्याला कुणाचा इलाज? हे वाक्य तिघांनी मनाशी इतक्या वेळा घोकलं की त्याचाच एक आधार झाला होता. दोष कुणाचा नव्हता, एवढं एकच बरं होतं त्या दुःखात.

काही वर्षांनी मुलगा झाला. ह्या वेळी भावजयीची तब्येत ठणठणीत होती, पोरगा अंगावर प्यायचा आणि दिवसागणिक फुगायचा. गालांवरून त्याचं नाव ढब्बू पडलं. दुधाने तोंड पोळलेली ही माणसं, ताकही फुंकून पिणारी. डॉक्टरांना महिन्याच्या आतच त्याची छाती ऐकायला लावली. "घड्याळासारखं चाललंय हृदय," डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसलं.

मग भावजयीची रजा संपली. कारखान्याने आणखी द्यायला नकार दिला. बाईंची शाळा दुपारची होती, तेव्हा सकाळभर बाळ बाईंकडे, आणि दुपारी मळ्यातून येऊन भाऊ सांभाळायचा. पुन्हा दुधाचा डबा आला. पुन्हा बाटली. भावजय कामावर निघताना दारात थांबून म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे."

थोड्याच दिवसांत ढब्बूचा दंगा ओसरला. बाईंनी त्याला उचलून खिडकीपाशी नेलं, मूठ सोडवून बोटं उजेडात धरली. नखं निळसर होती.

ह्या वेळी त्या गावातल्या डॉक्टरांकडे थांबल्याच नाहीत. भावाला मळ्यातून हाक मारली, गाडी बोलावली, थेट मोठ्या हॉस्पिटलात. भावजय कामावरून परस्पर तिथे आली, अंगावर दोऱ्याचे तुकडे तसेच.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, शब्द मोजून बोलणारी. तिने नाकाला ऑक्सिजन लावला. बाळाच्या रंगात फरक पडेना. तिने रक्त काढलं आणि नळी हातात धरून क्षणभर थांबली. रक्त लाल नव्हतं. काळसरही नव्हतं. कडक कॉफीसारखं तपकिरी होतं. तिने गाळणकागदाच्या तुकड्यावर एक थेंब टाकला, शेजारी स्वतःच्या बोटाला सुई टोचून दुसरा थेंब टाकला, आणि दोन्ही हवेत हलवत राहिली. तिचा थेंब लालभडक झाला. बाळाचा तसाच राहिला.

"वरचं दूध देता?"

"हो," बाई म्हणाल्या. "पूड."

"तुम्ही आजी?"

"आत्या."

"पाणी कुठलं वापरता?"

"उकळलेलं," बाई चटकन म्हणाल्या. "दोनदा उकळलेलं. मी स्वतः उकळते."

"तसं नाही. येतं कुठून? नळाचं की..."

डॉक्टरने वाक्य पुरं करायच्या आतच बाईंना सगळं कळलं. हवा, खतं, पाणी. इतकी वर्षं त्या तीन धडे तीन वेगवेगळ्या महिन्यांत शिकवत आल्या होत्या. तो एकच धडा होता. हवेतला नायट्रोजन कारखान्यात गेला, तिथून पोत्यात, पोत्यातून भावाच्या ओंजळीत, ओंजळीतून मातीत. मातीतल्या जिवाणूंनी त्याचं नायट्रेट केलं. रोपांनी हवं तेवढं घेतलं, उरलेलं पाण्याबरोबर खाली गेलं, कारण नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते पाण्याचं पोर. वाळूतून ते विहिरीत उतरलं. मोठ्यांच्या पोटात त्याने काही केलं नाही. तान्ह्याच्या पोटात आम्ल कमी, तिथले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइट रक्तातलं लोह असं बिघडवतं की त्याला प्राणवायू उचलताच येत नाही. बाळ श्वास घेत असतं आणि तरी आतून गुदमरत असतं. आणि उकळल्याने नायट्रेट मरत नाही. ते जंतू नव्हे. वाफ होऊन पाणी जातं, नायट्रेट मागे राहतं.

"विहिरीचं," बाई म्हणाल्या. "मळ्यातल्या."

डॉक्टरने मान हलवली आणि लगबगीने आत गेली.

औषध निळं होतं. मेथिलीन ब्लू. शाळेत गालाच्या पेशी दाखवायला जीवशास्त्राच्या बाई वापरतात तोच रंग, फक्त औषधाच्या शुद्धतेचा. निळ्या पडलेल्या पोराच्या शिरेत निळा रंग सोडताना बघून भावजयीने डॉक्टरचा हातच धरला. "अहो, हे काय करताय?" बाईंनी तिला मागे घेतलं. "करू दे," त्या म्हणाल्या. "रक्तातलं लोह परत ताळ्यावर आणतं ते." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला आणि त्यांची त्यांनाच शिसारी आली.

चहा गार व्हायला लागावा तेवढ्या वेळात ओठांवरची राख उतरायला लागली. मग गाल, मग कान. ढब्बू गुलाबी झाला आणि भोकाड पसरून रडला. भाऊ भिंतीला टेकून हसायला लागला. पुढे दुपट्यावर हिरवट निळे डाग पडत राहिले, त्या औषधाचे. भावजय ते डाग धुवायच्या आधी बोट फिरवून बघायची.

बाळ वाचलं. ही गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई बाळाला हॉस्पिटलात आईजवळ ठेवून शाळेत गेल्या. पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली होती. नववीचा प्रात्यक्षिकाचा तास होता. बाईंनी एका चंचुपात्रात ते पाणी घेतलं आणि दिव्यावर ठेवलं. पोरं बघत होती. पाणी उकळत राहिलं, खाली खाली उतरत राहिलं, काचेला पांढरी खर धरली. बाईंना घरचं पातेलं दिसत होतं. तळाशी थोडंसं उरलं तेव्हा त्यांनी दिवा काढला. तीन परीक्षानळ्या मांडल्या. एकीत शाळेच्या नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं तसंच, तिसरीत आटवलेलं. थेंबभर विरल आम्ल टाकल्यावर तिसरीत फसफस झाली, ती थांबू दिली. मग ताज्या हिराकशीचं, म्हणजे फेरस सल्फेटचं, पाणी घातलं, नळी तिरकी धरली आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल कडेकडेने, कडेकडेने तळाशी सोडलं.

पहिलीत काही नाही. दुसरीत डोळे बारीक केले तर धुरकट रेघ. तिसरीत दोन थरांच्या मधोमध स्पष्ट तपकिरी कडं.

"नायट्रेट!" पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली. तिला वाटलं बाई निवळतील. बाईंचा चेहरा लालही झाला नाही.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"बाई, कुठलं पाणी आहे?"

"आमच्या घरचं."

मग मागून एकाने विचारलं, "पण बाई, उकळल्यावर तर जास्त दिसतंय. मग उकळायचं कशाला?"

"जंतूंसाठी. जंतू असतील तर उकळल्यावाचून गत्यंतर नाही. माझी आई न उकळलेल्या पाण्याने गेली." बाईंनी तिसरी नळी वर धरली. "आणि हे जर पाण्यात असेल, तर उकळणं उलटं पडतं. आधी पाण्यात काय आहे ते बघायचं, मग उपाय करायचा. मी आधी बघितलं नाही. लिहून घ्या."

कुणी पेन उचललं नाही.

संध्याकाळच्या आत त्या हॉस्पिटलात परतल्या. खोलीत उन्हाची तिरीप आली होती. भावजय बाळाला पाजत होती, भाऊ खुर्चीत पेंगत होता. बाईंनी पाण्याचा निकाल सांगितला. भाऊ म्हणाला, "आता विहिरीचा थेंबही द्यायचा नाही त्याला. सुटलो बाबा, कारण तरी कळलं."

भावजयीने मान वर केली नाही. बाळाच्या बोटांशी खेळत तिने विचारलं, "ताई, चिमणीची नखं अशीच झाली होती ना?"

भाऊ ताडकन सरळ बसला. "अगं, तिचं वेगळं होतं. तिच्या हृदयाला भोक होतं. डॉक्टरच म्हणाले ना."

"मी ताईंना विचारतेय."

बाईंना खोटं बोलता आलं असतं. तेवढं एक खोटं त्या घराला पुढे जन्मभर पुरलं असतं. वाटेत गाडीत बसून त्यांनी तेही घोकून बघितलं होतं, नीट जुळलं होतं वाक्य. पण तोंडात आलं ते दुसरंच.

"असावं म्हणाले होते ते. त्यांच्याकडे बघायचं यंत्र नव्हतं. भोक कुणी बघितलं नाही," बाई म्हणाल्या. "पूड तीच होती. पाणी तेच होतं. मला वाटतं, पाणीच होतं ते."

मग भाऊ उठला. "तू शिकवतेस हे," तो म्हणाला. "दरवर्षी शिकवतेस. पुस्तकात आहे?"

"आहे."

"मग?"

भाऊ दार लोटून निघून गेला. परत आला तेव्हा डोळे सुजले होते. "युरिया मी टाकला," तो म्हणाला. "तुला काय बोलायचं. मूठभर जास्त मी टाकला." भावजय म्हणाली, "मला ताप आला नसता तर बाटली लागलीच नसती." बाई म्हणाल्या, "बाटली मी भरली." दोषाची ती वाटणी अशी झाली की कुणीच आपला हिस्सा सोडायला तयार नव्हतं. आणि इतकी वर्षं सांभाळलेलं ते एक बरं, की कुणाचा दोष नव्हता, ते मात्र कायमचं गेलं.

हॉस्पिटलातून भावजय मळ्यातल्या घरी आलीच नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, नळाचं पाणी असलेल्या दोन खोल्या नवरा-बायकोने घेतल्या. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. भाऊ सायकलवरून रोज मळ्यात यायचा. पहिल्या हंगामात त्याने युरिया निम्म्यावर आणला. कोबीचे गड्डे लहान झाले, पानं पिवळट. दुसऱ्या हंगामात मूठ पुन्हा मोकळी झाली. बाईंनी ते ओसरीवरून बघितलं. त्याने बघितलं की ताई बघतेय.

"खाली जे साठलंय ते मी आज हात आखडला म्हणून निघणार आहे का?" तो म्हणाला.

"लगेच नाही. कित्येक वर्षं लागतील."

"मग?"

पुन्हा तोच "मग". बाई आत गेल्या. त्यांनाही ठाऊक होतं की पिकाला वेळेवर थोडं थोडं दिलं, पाणी जपून दिलं तर खाली कमी उतरतं. त्यांनी ते सांगितलंही होतं. पण त्याला मजूर जास्त लागतात, आणि शेजारचे चारही मळे हात मोकळा ठेवूनच चालत होते. पाणी काही बांध ओळखत नाही.

बाई सुट्टीच्या दिवशी बाटल्या घेऊन घरोघर फिरू लागल्या. ज्या घरात कुणी बाळंतीण असेल तिथे आधी. बहुतेक विहिरींत कडं निघायचं. लोक अदबीने ऐकायचे, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं. "पण बाई," एक म्हातारी म्हणाली, "आमची चार पोरं ह्याच पाण्यावर वाढली."

"अंगावर पीत होती म्हणून वाढली. वरचं दूध द्याल तेव्हा हे पाणी वापरू नका, एवढंच म्हणते."

"उकळून देऊ हो," म्हातारी समजुतीने म्हणाली.

बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. सरकारी माणसं एकदा आली, दोन पंपांना, पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग लावून गेली. रंग उन्हाने उडाला. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीत त्याच वर्षी एक बाळ गेलं, हृदयाचं म्हणाले. बाई त्या घरापर्यंत पोचल्या नव्हत्या. ज्या घरांपर्यंत पोचल्या तिथली बाळं जगली, पण ती पाणी बदलल्यामुळे वाचली की अशीच जगली असती, हे कोण सांगणार? न आलेलं मरण कुणाला दिसत नाही.

नववीला त्या आता तिन्ही धडे एकत्र शिकवत. मुख्याध्यापक कुरकुरले, वेळापत्रकात बसत नाही म्हणाले, मग त्यांनी सोडून दिलं. बाईंचा चेहरा आता लाल व्हायचा नाही. लिटमस नाव तसंच चालू होतं, नव्या पोरांना ते का पडलं हे मात्र कळत नसे.

भाऊ ढब्बूला कधीमधी सायकलच्या पुढच्या नळीवर बसवून आणायचा. पोरगं गोड होतं, आत्याच्या मागे मागे फिरायचं. त्याच्या गळ्यात घरून भरून दिलेली पाण्याची बाटली असायची. बाईंकडे आता पिण्याला कॅन येत असे, हे भावजयीला माहीत होतं. तरी बाटली यायचीच. बाईंनी त्यावर कधी काही म्हटलं नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी भावजय एकदा स्वतःहून आली. दुपारची वेळ. बाई ओसरीवर मटार सोलत होत्या. भावजय समोर बसली, तिनेही शेंगा ओढून घेतल्या.

"ताई," ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. इतकी वर्षं धीर होत नव्हता. चिमणीला... दुखलं असेल का हो?"

बाईंनी विचार केला. ह्या वेळी खोटं बोलायची गरज नव्हती, ह्याचंच त्यांना आधी नवल वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "प्राणवायू असा हळूहळू कमी होत गेला की बाळाला ग्लानी येते. झोप झोप होते. ती झोपेतच गेली. मांडीवर होती माझ्या, मला माहीत आहे."

भावजयीने मान डोलावली. पदराने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मटार संपल्यावर तिने टरफलं गोळा करून मळ्याच्या कडेच्या खड्ड्यात टाकली, हात झटकले, आणि ऊन उतरायच्या आत निघाली. बाई फाटकापर्यंत गेल्या. येत जा, असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं. भावजयीने फाटकाची कडी आत हात घालून नीट लावली, आणि म्हणाली, "येते."

त्यानंतर ती आली नाही. पण ढब्बू येत राहिला.